'चलनवाढ' आणि 'महागाई': एकच की दोन?

विचारणा अशी: एका अमेरिकी लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा असे मानणाऱ्या) लेखाच्या मराठी भाषांतरात 'फेडरल रिझर्व्हने केलेल्या चलनवाढीमुळे महागाई झाली' असे वाक्य आहे (फेडरल रिझर्व्ह किंवा 'फेड' ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक), ही द्विरुक्ती नाही का? आणि या मंडळींच्या परराष्ट्र धोरणाला 'अलिप्ततावाद' म्हणावे का?

द्विरुक्ती नाही. वर्तमानपत्री मराठीत 'चलनवाढीचा दर' म्हणजे किंमत निर्देशांकातली वाढ, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात. पण लिबर्टेरियन टीकाकार, त्यातही ऑस्ट्रियन अर्थशास्त्र (मध्यवर्ती बँकेच्या पैसानिर्मितीवर टीका करणारी बाजारवादी परंपरा) मानणारे, 'इन्फ्लेशन' म्हणतात ते पैसा आणि पतपुरवठा फुगवण्याला. भाव चढणे हा त्याचा परिणाम. 'चलनवाढ' हा आपला शब्द नेमका याच जुन्या अर्थाचा आहे, तो वाया का घालवायचा?

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी ३५ डॉलरला एक औंस या दराने परकीय सरकारांना सोने देणे बंद केले आणि त्याच भाषणात वेतन व किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या. टीकाकार म्हणतात, चलनवाढीवरचा सोन्याचा लगाम काढला आणि महागाईला मात्र कुलूप घातले. इथे दोन्हीकडे एकच शब्द वापरून पाहा, वाक्य कोसळते. उलट बाजूलाही हा फरक लागतो. २००८ नंतर फेडचा ताळेबंद सुमारे ९०० अब्ज डॉलरवरून २०१४ अखेर साडेचार हजार अब्जांवर गेला, तरी ग्राहक किमती भडकल्या नाहीत. पैसा बराचसा बँकांच्या फेडमधल्या खात्यांतच पडून राहिला. महागाई भडकेल हे अनेक लिबर्टेरियनांचे भाकीत तिथे चुकले, हे सांगायलाही दोन शब्द हवेतच.

भाषांतर करताना कर्ता बघावा. सरकार किंवा फेड काही 'करत' असेल तर चलनवाढ. घरभाडे, इंधन 'वाढत' असेल तर महागाई किंवा भाववाढ. 'इन्फ्लेशन टॅक्स'ला (पैसा फुगवून लोकांच्या हातातल्या पैशाचे मोल घटवणे) 'महागाई कर' नको, 'चलनवाढीचा छुपा कर' बरा.

'अलिप्ततावाद' मात्र टाळाच. १९६१च्या बेलग्रेड परिषदेपासून तो शब्द अलिप्त राष्ट्र चळवळीला बांधला गेला आहे, आणि त्यातली कित्येक राष्ट्रे अमेरिकी आणि सोव्हिएत अशा दोन्ही गटांकडून मदत घेत. अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य, लिबर्टेरियन रॉन पॉल यांच्यासारख्यांचा परकीय मदतीलाच विरोध. त्यांनी २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले. क्यूबावरची व्यापारबंदीही त्यांना नको होती. त्यांच्यासाठी 'हस्तक्षेपविरोधी' हा नेमका शब्द. 'आयसोलेशनिस्ट' हे विरोधकांनी चिकटवलेले लेबल. त्याला 'विलगतावादी' म्हणा, पण लेखकाच्या तोंडी घालू नका, कारण व्यापार आणि प्रवास खुलाच हवा असे तो म्हणतो.

राहता राहिला खुद्द 'लिबर्टेरियन'. 'उदारमतवादी' केले की अमेरिकी संदर्भात वाचक डेमोक्रॅटिक पक्षाच्या लिबरलांकडे जातो. 'स्वातंत्र्यवादी' अर्थाला जवळचा, पण स्वातंत्र्यलढ्याची छाया सोडत नाही. लिबर्टेरियनच ठेवावे.