पहिल्या बोरन्हाणाची तयारी, कमी खर्चात

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण केव्हाही करता येत असल्यामुळे १४ जानेवारीचाच हट्ट धरू नका. नंतरचा एखादा रविवार निवडल्यास पाहुण्यांनाही सोयीचे होते आणि तयारीला उसंतही मिळते. काळा रंग, पतंग आणि हलवा ही संकल्पना परंपरेनेच हातात दिलेली असताना फुग्यांच्या कमानीवर पैसे घालवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. घरातली काळी चंद्रकळा भिंतीवर पडद्यासारखी लावा, तिच्यावर पतंगी कागदाचे लहानमोठे पतंग टाचणीने अडकवा आणि पुढे रांगोळीने सजवलेला पाट मांडा, एवढ्याने छायाचित्रे उत्तम येतात.

हलव्याचे दागिने तयार विकत घेण्याऐवजी जाड पुठ्ठ्यावर हलवा चिकटवून मुकुट आणि बाजूबंद घरीच करता येतात. मात्र ते आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. माझ्या मुलीचा मुकुट असाच गेला होता.

डोक्यावरून ओतायच्या मिश्रणात चुरमुरे भरपूर घ्यावेत, म्हणजे थोड्या बोरांत व उसाच्या करव्यांत माप भरते. बाळ लहान असल्यास बोरे, शेंगदाणे आणि हलवा त्याच्या तोंडात जाणार नाही याकडे एका मोठ्या माणसाने सतत लक्ष ठेवावे, आणि खाली स्वच्छ चादर अंथरावी, म्हणजे जमलेल्या मुलांना खाऊ वेचता येतो.