'शिरपू' टाकलं तर काहीच येत नाही, पूर्ण नाव टाकलं तर भलतीच गावं येतात

भाऊ, गावांची नावं नीट सापडत नाहीत ही तुमची पोस्ट वाचून आमचं जुनं दुखणं वर आलं. इलास्टिकसर्चमध्ये (डेटात शोध घेणारं इंजिन) 'शिरपू'वर शून्य निकाल आणि 'पिंपळगाव बुद्रुक'वर झाडून सगळी पिंपळगावं नि सगळे बुद्रुक. एकाच फील्डकडून अर्धवट आणि पूर्ण नावाचा शोध अशी दोन्ही कामं करून घ्यायला जाल तर हेच होणार. गावाच्या नावाचं एक टेक्स्ट फील्ड एज एनग्रॅमसह (शब्दाचे सुरुवातीपासून वाढत जाणारे तुकडे) करा, त्याच्याच जोडीला एक कीवर्ड (अख्खं नाव जसंच्या तसं जुळवणारं फील्ड). मग दोन्हींवर शोधा आणि कीवर्डला बूस्ट, म्हणजे जास्त वजन, द्या. चालू फील्डचा अ‍ॅनालायझर (मजकुराचे तुकडे पाडणारी यंत्रणा) बदलता येत नाही, रीइंडेक्स करावंच लागेल, म्हणजे सगळ्या नोंदी नव्याने भरायच्या.

सर्च अ‍ॅनालायझर (शोधायच्या शब्दासाठीचा) वेगळा द्यायला विसरू नका, नाहीतर शोधायच्या शब्दाचेही तुकडे पडतात आणि 'शिरपूर' टाकलं की शिंदखेडाही हजर होतो. मॅक्स ग्रॅम, म्हणजे तुकड्याची कमाल लांबी, सढळ ठेवा. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'मुक्ताईनगर' आपल्याला सहा अक्षरी, इंजिनाला १०. मर्यादा ८ असेल तर 'मुक्ता'वर गाव सापडतं आणि पूर्ण नाव लिहिलं की गायब! मी २० ठेवतो. इंडेक्स फुगतो, फुगू द्या. (आमचा डेटा लहान आहे. तुमच्याकडे कोटींत नोंदी असतील तर माझं ऐकू नका.)

आता ज्याने आम्हाला खरं रडवलं ते. आमचं काम रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यांच्या खात्यांचं. बऱ्हाटे आडनावाचा शेतकरी यादीत डोळ्यांना दिसतोय, पण कीवर्डवर सापडत नाही. दिवाणजीने खातं नाही समजून नवीन उघडलं. उचल एका खात्यावर, मालाचे पैसे दुसऱ्यावर, आणि भांडण आमच्या दारात.

कारण 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र (०९३०), हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर काडीचा फरक नाही. बऱ्हाणपूरचीही तीच गत. अ‍ॅनालायझर काय करतो ते दाखवणाऱ्या अ‍ॅनालाइझ एपीआयला दोन्ही बऱ्हाटे देऊन बघा. टोकन (पाडलेला तुकडा) सारखंच दिसेल, एंड ऑफसेट (तो संपतो ती जागा) मात्र एकाचा ७ आणि दुसऱ्याचा ८. एनएफसीने (युनिकोडचं नेहमीचं एकसारखेपण) हे मिटत नाही. आयसीयू या प्लगइनचा डिफॉल्ट नॉर्मलायझर (लिखाण एकसारखं करणारा) झेडडब्ल्यूजे उडवतो आणि 'बर्हाटे' करून ठेवतो, म्हणजे जुळायचं राहिलंच.

यादी ज्या सरकारी कार्यालयातून आली तिथे विचारलं, टायपिंग कोणत्या कीबोर्डवर झालं एवढंच सांगा. उत्तर, "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय." लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला. उत्तरात तीच यादी आली, प्रिंट काढून, सही-शिक्क्यासकट! कागदावरचा 'ऱ्ह' कुठल्या जातीचा हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का? मृगबागेचा माल त्या कागदपत्रांतच निघून गेला. तुम्हीही सरकारी यादी वापरत असाल तर कुणाच्या उत्तराची वाट बघू नका, आपल्या बाजूने साफ करा.

उपाय म्हणजे मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर, तुकडे पडण्याआधीच अक्षरं बदलणारा. र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ आणि हलन्त करायचं. हा फिल्टर टेक्स्टच्या अ‍ॅनालायझरमध्ये (सर्चच्याही) आणि कीवर्डच्या नॉर्मलायझरमध्येही लावा, एकाच ठिकाणी लावून उपयोग नाही. जोडीला आकडे एकसारखे करणारा डेसिमल डिजिट फिल्टर लावला की '७/१२' मराठी आकड्यांत लिहा की इंग्रजी, एकच.

अर्धवट शोधाच्या फील्डवर एनग्रॅमच्या आधी हिंदी नॉर्मलायझेशनचा फिल्टरही घाला. तो ह्रस्व-दीर्घ एक करतो, त्यामुळे शिरपुर आणि शिरपूर एकत्र सापडतात. फक्त फिल्टर बरं का, अख्खा हिंदी अ‍ॅनालायझर नको. तो हिंदीच्या नियमाने शब्दांची शेपटं तोडतो आणि मराठीचा तयार अ‍ॅनालायझर इलास्टिकसर्चमध्ये नाही. कीवर्डवर मात्र हा फिल्टर चुकूनही लावू नका, तिथे दिन आणि दीन वेगळेच राहायला हवेत.

जुन्या नोंदींत मुक्ताईनगरचं एदलाबाद असतं, 'बुद्रुक'चं 'बु.' असतं. त्यासाठी सिनॉनिम (समानार्थी शब्दांचा) फिल्टर शोधाच्या बाजूला ठेवा, म्हणजे यादी वाढली तरी पुन्हा रीइंडेक्स नको.

तुम्ही पोस्टमध्ये टाकलेलं मॅपिंग (फील्डांची रचना) अर्धंच आहे. सेटिंग्जमधला अ‍ॅनालिसिसचा भाग टाका, मग फिल्टरांचा क्रम बघून सांगतो.