'नेट न्यूट्रॅलिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'नेट न्यूट्रॅलिटी'ला 'जालतटस्थता' म्हणावं की 'नेटसमानता'? आणि बातम्यांत सांगतात तसा तिचा अर्थ 'सगळ्यांना सारखा स्पीड' असाच का?

शेवटचं आधी. साफ चूक! जास्त पैसे मोजून जास्त स्पीडचा प्लॅन घ्यायला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती एकाच पॅकमध्ये एक साइट पळते, दुसरी रखडते आणि तिसरी फुकट मिळते याला. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी 2003 साली ही संज्ञा मांडली तीही याच भेदभावाबद्दल. 'समानता' म्हटलं की लोकांना ग्राहकांची समानता वाटते. इथे मुद्दा मजकुराचा आहे.

'तटस्थता' तर त्याहून वाईट. तटस्थ म्हणजे काठावर उभा, कशातच न पडणारा. नेट देणारी कंपनी काठावर नसते, डेटाचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे प्रत्येक तुकडा, तिच्याच हातून जातो. परिभाषा करणाऱ्यांनी इंग्रजी कोशात पाहण्याआधी एखाद्या पंगतीत बसायला हवं होतं. आपल्याकडे नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. जावयाच्या भातावर साजूक तुपाची धार आणि त्याच पंगतीतल्या शेवटच्या पानाला नुसतं वरण, हा वाढप्याचा पंक्तिप्रपंच.

आणि काय शब्द आहे! पंक्ती म्हणजे मुळात पाचांचा समूह. वैदिक पंक्ती छंदात आठ अक्षरांचे पाच चरण असतात. पाणिनीने हा शब्द विंशती (वीस), त्रिंशत् (तीस) यांच्याच सूत्रात बसवला आहे. पुढे त्याचा अर्थ दहा असाही झाला, म्हणून दशरथ 'पंक्तिरथ' आणि रावण 'पंक्तिग्रीव'. पंगतीत जेवतात म्हणून 'पंक्ती'चा संबंध शिजवण्याच्या 'पक्ती'शी जोडणारे पंडित भेटतात. त्यांना 'पंक्तिग्रीव' लावून दाखवता येत नाही. 'प्रपंचा'तही मला तोच पंच दिसतो. कोशकार 'पसरणे' अर्थाचा धातू देऊन थांबतात, पण पसरायला माणसाकडे आधी हाताची पाच बोटंच होती. माझं मत पक्कं आहे.

ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, 8 फेब्रुवारी 2016 रोजी मजकूर पाहून डेटाचे वेगळे दर लावायला बंदी घातली आणि रोज 50 हजार, कमाल 50 लाख रुपये दंड ठेवला, तो या प्रपंचाविरुद्धच. निवडक साइट फुकट देणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही सेवा भारतात त्यातच बंद झाली. ती फुकट होती हे खरं, पण मोजक्याच साइट फुकट वाढणं हाही पंक्तिप्रपंचच.

तेव्हा माझा शब्द 'पंक्तिप्रपंचबंदी'. तो जड वाटत असेल तर सरळ 'नेट न्यूट्रॅलिटी' लिहा. 'तटस्थता' मात्र नको.