वर्षभरात गणित सुधारतं का?

प्रश्न : माझा भाचा नववीत आहे. गणितात सतत नापास, शाळेतून रोज तक्रारी. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ या चित्रपटातले सर अशा मुलांना वर्षभरात घडवतात. खरंच होतं का असं?
– एक मामा, सांगली

उत्तर : मामासाहेब, सर खरे, ते एक वर्ष मात्र पडद्यावरचं. बोलिव्हियातून आलेले हाइमे एस्कलांटे १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये रुजू झाले. १९८२ मध्ये त्यांचे १८ विद्यार्थी कॅल्क्युलसची अवघड परीक्षा पास झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला त्यातल्या १४ जणांवर कॉपीचा संशय आला. १२ जण पुन्हा बसले आणि सगळेच्या सगळे पास झाले!

पण मधली आठ वर्षं विसरू नका. खालच्या वर्गांपासून बीजगणित पक्कं करून घेणं, शाळा सुटल्यावरही मुलांना घेऊन बसणं, त्यात भक्कम पाठीशी उभे राहिलेले मुख्याध्यापक.

मी आयुष्यभर गणितच शिकवलं. नववीत अडलेलं मूल बहुतेकदा सहावीच्या अपूर्णांकांत अडलेलं असतं. भाच्याला २/३ + १/४ करायला द्या. उत्तर ३/७ आलं, म्हणजे त्यानं वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत नुसते मिळवले, तर क्लास बदलत बसू नका, तिथूनच सुरुवात करा. आणि तोवर घरात मार्कांचा विषय काढू नका.