तळाला रंग आहे, बोट घ्यावी का?

वाचकांचे प्रश्न

जुनी फायबर बोट घेण्याबद्दल किनाऱ्यावरून आणि एका धरणाकाठून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : देवगडला चोवीस फुटी फायबरची बोट विकायला आहे. दहा वर्षं वापरलेली, आऊटबोर्ड म्हणजे मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनची. पाण्याखालच्या भागाला नुकताच तांबडा रंग मारलाय. मालक म्हणतात, शेवाळ धरू नये म्हणून. मेहुणे म्हणतात, तळ रंगवलेली फायबर घ्यायचीच नाही, खाली काहीतरी दडवलेलं असतं. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, विजयदुर्ग

उत्तर : आधी एवढंच विचारा की बोट राहायची कुठे. खाडीत नांगरावर महिनोन्महिने राहणाऱ्या बोटीला हा रंग लागतोच. त्यातलं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग, पाण्यात थोडं थोडं सुटत राहतं आणि बार्नकलची (तळाला घट्ट चिकटणाऱ्या कवचाच्या जिवांची) पिल्लं, शेवाळ यांना बसू देत नाही. रंग नसेल तर थोड्याच महिन्यांत तळ खडबडीत होतो, बोट जड चालते आणि इंधन जास्त खाते. तेव्हा मेहुण्यांचा सरसकट नियम चुकीचा आहे.

पण हीच बोट रोज वाळूवर ओढली जात असेल, तर असा रंग मारण्यात अर्थ नसतो. रोज सुकणाऱ्या तळावर बार्नकल वाढत नाहीत आणि वाळूवर घासून रंग थोड्याच दिवसांत निघतो. अशा बोटीचा तळ विक्रीच्या तोंडावर चकचकीत तांबडा दिसला, तर मेहुण्यांची शंका रास्त समजा. मालक जागा कोणती सांगतात ते ऐका आणि शेजारच्या खलाशालाही विचारा.

पाहणीसाठी जून-जुलै उत्तम. मासेमारी बंद असते, बोटी वर घेऊन शाकारलेल्या असतात, तळाखाली वाकून बघता येतं. बोट ओंडक्यांवर असेल तर मालकाच्या माणसांकडून एखादा ओंडका सरकवून घ्या. बोट नीट टेकवल्याशिवाय खाली कोणी शिरू नये. तळ ओंडक्यावर टेकतो तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही, त्यामुळे तेवढ्या जागी तळाची जुनी अवस्था जशीच्या तशी सापडते. ही जागा बघितल्याशिवाय भाव बोलू नका.

मग पाण्याची रेषा बघा. नव्या रंगाची कड जुन्या रेषेच्या चार-पाच बोटं वर नेलेली असेल, तर बोट पूर्वीपेक्षा खोल बसते आहे. कारण एकतर जड इंजिन, किंवा बोट तरंगती राहावी म्हणून फ्लोअरखाली भरलेला फोम पाणी प्यायलाय. दुसरं कारण महागात पडतं, कारण फ्लोअर कापल्याशिवाय तो फोम निघत नाही.

संध्याकाळी टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. दुरुस्ती केलेली जागा सपाट किंवा किंचित उंच दिसते, तिच्या कडेची सावली पडते. अशी जागा सापडली की आत जाऊन नेमकी तिची उलट बाजू बघा. तिथे नव्या मॅटचा, म्हणजे काचधाग्यांच्या चटईचा, पांढरट तुकडा असेल तर भोक पडलं होतं. त्याने बिघडत नाही. चांगली दुरुस्ती आतून-बाहेरून मॅट आणि रोव्हिंगचे (जाड विणलेल्या काचधाग्यांचे) थर देऊन केलेली असते, कड उतरती घासलेली असते. वाईट दुरुस्ती म्हणजे मोटारीच्या गॅरेजमधली लांबी, म्हणजे पुट्टी. ती पाणी शोषते, फुगते आणि एखाद्या हंगामात निघून येते.

यानंतर प्लॅस्टिकची हातोडी किंवा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन तळ ठोकत जा, हातभर अंतराने, नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागे. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो. बद्द आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. आत आडव्या पट्ट्या जोडल्यात तिथे आवाज बदलतोच, त्यामुळे डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून बघा. कील (तळाचा मधला कणा), नाळेचा खालचा भाग आणि ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीजवळ, सावकाश ठोका.

ट्रान्सम बहुतेक बोटींत प्लायवूडवर फायबर चढवून केलेला असतो. इंजिनचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड लवताना दिसली किंवा बोल्टभोवती केसासारख्या भेगा असल्या तर प्लायवूड कुजलंय. आतला खालचा एखादा स्क्रू काढून बघितला तर त्यातून तपकिरी पाणी येतं. आमच्या मते इथेच सौदा सोडावा. नवा ट्रान्सम बसवणं हे अर्धी बोट नव्याने बांधण्याचं काम आहे.

शेवटी, मालकाची परवानगी घेऊन चार-पाच ठिकाणी तळहाताएवढा रंग पाण्याने घासून काढा. आधी ८० नंबरचा वॉटर पेपर, मग २२०. कडेकडे उतार ठेवत घासलं की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे रंगाचे थर दिसतात. दोन-तीन थर ठीक. सहा-सात असतील आणि मधला एखादा पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर नवा रंग त्याच्यासकट गळणार. सगळं खरवडून काढण्याची मजुरी भावातून वजा करा. मालक घासू देत नसतील, तर त्यांनी उत्तर दिलंच आहे.

कोरडं मात्र घासायचं नाही. तांब्याची धूळ फुफ्फुसात जाते. फार जुन्या बोटींवर खालच्या थरात कथिलाच्या संयुगाचा, टीबीटीचा रंगही असू शकतो. त्याने कालवांची कवचं वेडीवाकडी होतात हे फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात दिसून आल्यावर तिथे १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी आली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००८ पासून लागू आहे. कोणी असा ‘जुना जोरदार’ डबा देऊ केला तर घेऊ नका.

प्रश्न : पसंत केलेली बोट पाण्यातून काढली तेव्हा तळाला पुरळ आल्यासारखे फोड दिसले. मालक म्हणाले, रंगाचे आहेत. आठवड्याने गेलो तर निम्मे बसले होते.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : बसले म्हणजे बरे झाले असं नाही. तळ सुकला की फोड आक्रसतात, म्हणूनच बोट ओढतील त्याच दिवशी बघायला जावं.

फोड रंगाचा की फायबरचा हे फोडूनच कळतं. डोळ्यांना चष्मा लावा, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उडतं. टोच्याने टोचा. साधं पाणी निघालं आणि खाली जेलकोट, म्हणजे फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर, शाबूत असला, तर मालक खरं बोलताहेत. चिकट, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं पाणी निघालं, लिटमस कागद तांबडा झाला, तर तो ऑस्मॉसिस. जेलकोटमधून झिरपलेलं पाणी रेझिनमधले सुटे घटक विरघळवतं. तो दाट द्रव आणखी पाणी ओढतो आणि जेलकोट फुगवतो.

रुपयाच्या नाण्याएवढे वीस-तीस फोड असतील आणि आजूबाजूचा आवाज टणक असेल, तर बोट बुडत नाही. भाव कमी करा आणि घ्या. तळहाताएवढे फोड, उघडल्यावर आत मॅटचे धागे सुटे, आवाज बद्द, असं असेल तर नको.

दुरुस्तीत कष्टापेक्षा वाट बघणं जास्त. फोड उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, आठवडेच्या आठवडे सुकवायचे, मग इपॉक्सी पुट्टी आणि वर इपॉक्सीचे पाच-सहा हात. कोकणात हे पावसाळ्यात होत नाही, हवाच एवढी दमट असते की तळ सुकणार कसा? नोव्हेंबर ते मे हा काळ धरा, म्हणजे त्या हंगामाची कमाई गेली. सौदा करताना हे मोजायचं बहुतेक लोक विसरतात.

ओलावा मोजणाऱ्या मीटरवर इथे विसंबू नका. तांब्याच्या रंगावर तो खोटा आकडा दाखवतो.

प्रश्न : समुद्रावरची जुनी बोट आणून पानशेतला ठेवायची आहे. तळाचा तांबडा रंग तसाच चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, पण ठेवू नये. पिण्याच्या पाण्याच्या धरणात तांबं सोडण्याची गरज नाही आणि गोड्या पाण्यात बार्नकल येतही नाहीत. रंग काढून इपॉक्सीचे हात द्या. ते खरोखर लागतात, कारण गोडं पाणी फायबरमध्ये खाऱ्यापेक्षा लवकर झिरपतं. काढताना मिथिलीन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर किंवा ब्लोटॉर्च वापरू नका, दोन्हींनी जेलकोट जातो. रुंद पात्याची खरवडणी, पाणी आणि वॉटर पेपर, बस्स.

प्रश्न : बोटीबरोबर आऊटबोर्डच्या पायालाही तोच तांबडा रंग मारलेला आहे. आणि पुढच्या वर्षी मला रंग किती लागेल?
– एक वाचक, वास्को

उत्तर : पायावरचा रंग आधी काढा. पाय ॲल्युमिनियमचा, रंग तांब्याचा, भोवती खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतात का बघा, विशेषतः पंख्याच्या वरच्या बाजूला. झिंकवरही, म्हणजे पायाऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावरही, रंग मारलेला असेल, तर ते झिंक इतके दिवस नुसतं शोभेला होतं. ते बदला आणि नव्या झिंकला ब्रश लावू देऊ नका.

रंगासाठी हिशोब सोपा आहे. पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले (रुंदी अधिक पाण्यातली खोली). लांबी ६.५ मीटर, रुंदी २, खोली ०.५ धरली तर ६.५ गुणिले २.५, म्हणजे सव्वासोळा चौरस मीटर. लिटरला साधारण आठ चौरस मीटर धरा, दोन हातांना चार लिटर. नाळ आणि पाण्याची रेषा लवकर झिजते, तिथे तिसऱ्या हाताला अर्धा लिटर जास्त घ्या. जुना रंग कुठला हे माहीत नसेल तर आधी टाय-कोटचा, म्हणजे जुन्या-नव्या रंगाला जोडणाऱ्या मधल्या थराचा, एक हात द्या. ओल्या बोटाने चोळल्यावर रंग बोटाला लागत असेल तर जुना रंग मऊ जातीचा आहे, त्यावर कडक जातीचा मारलात तर तडकेल. रंग नारळी पौर्णिमेच्या आधी उघडीप बघून मारा आणि डब्यावर दिलेल्या मुदतीत बोट पाण्यात घाला.