मास्कमुळे मुलांची इम्युनिटी गेली का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मोठी मुलगी २०२० ची, लॉकडाऊनमधली. पहिली दीड-दोन वर्षं तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही आणि बालवाडीत घातल्यावर मात्र एक खोकला बरा होतोय तोवर दुसरा सुरू. सासूबाई अजून म्हणतात की तुम्ही पोरीला सॅनिटायझरमध्ये वाढवलंत म्हणून तिची इम्युनिटीच बनली नाही. आता जूनपासून धाकटा बालवाडीत जाणार, त्याला मास्क लावू का?

उत्तर: ताई, मुलीची इम्युनिटी कुठे गेली नाही, तिचे आजार पुढे ढकलले गेले. एरवी दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला आरएसव्ही, म्हणजे सर्दी-खोकल्याचा एक व्हायरस, एकदा होऊन जातो, तुमच्या मुलीला तो भेटलाच नाही, मग बालवाडीत सगळे व्हायरस एकदम भेटले. आणि हे उशिरा होणं वाईट नाही हो, कारण आरएसव्ही सगळ्यात जास्त त्रास देतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, त्यांच्या श्वासनळ्या फार बारीक असतात. तुम्ही तिला त्या वयात सांभाळलंत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

हे जगभर झालं. ऑस्ट्रेलियात २०२० च्या हिवाळ्यात आरएसव्ही जवळपास दिसलाच नाही आणि पर्थकडे तो डिसेंबरात, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात उसळला. फ्लू तर असा दबला की त्याचा बी-यामागाता नावाचा एक प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलाच नाही, म्हणून डब्ल्यूएचओने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की लशीत त्याची आता गरज नाही.

मग लोक विचारतात, तेच मास्क, त्याच बंद शाळा, फ्लू गेला तर कोविड का नाही गेला? फ्लूचा एक पेशंट सरासरी सव्वा-दीड जणांना आजार देतो, सुरुवातीच्या कोविडचा अडीच-तीन जणांना द्यायचा. भेटीगाठी निम्म्या केल्या की फ्लू एकाच्या खाली येतो आणि साखळी तुटते, कोविड तरीही एकाच्या वरच राहतो. त्यात विमानं बंद, त्यामुळे बाहेरून नवा फ्लू येणंही थांबलं. आपल्याकडे २०२० ला गरबा झाला नाही, गुजरातमध्ये पहिली ते पाचवीचे वर्ग उघडायला नोव्हेंबर २०२१ उजाडला, म्हणजे मुलं किती दिवस एकमेकांपासून लांब होती बघा.

साधी सर्दी मात्र गेली नाही. तिचा ऱ्हायनोव्हायरस वेगळा, त्याच्यावर चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही आणि तो हातांवर, खेळण्यांवर टिकतो. हाँगकाँगमध्ये २०२० च्या शेवटी शाळा उघडल्या तेव्हा मुलं मास्क लावून होती तरी ही सर्दी पसरली. म्हणून धाकट्याला सॅनिटायझरच्या बाटलीपेक्षा साबण-पाण्याची सवय लावा, शाळेतून आल्यावर आणि जेवायच्या आधी.

मास्क नको. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नीट लावताही येत नाही. पहिल्या वर्षी महिन्याला एखादी सर्दी होईलच, ती चालेल. ताप असेल त्या दिवशी मात्र त्याला घरी ठेवा, परीक्षा असो की गॅदरिंग, आणि बाईंना वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगा, हे मी प्रत्येक आईला हात जोडून सांगतो. श्वास भरभर चालला, छाती आत ओढली जात असेल, दूध-पाणी घेत नसेल तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच दाखवा.

प्रश्न: बाबा ७२ वर्षांचे, डायबेटिस आहे. नवरात्रात गर्दी असते म्हणून फ्लूची लस तेव्हा घ्यावी का?

उत्तर: तेव्हा उशीर होतो. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, लशीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा मे-जूनमध्ये घ्या आणि दरवर्षी घ्या. यंदा राहिली असेल तर मिळेल तेव्हा घ्या, कारण फ्लूची दुसरी लाट हिवाळ्यात येते, २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एचथ्रीएनटू या फ्लूच्या प्रकाराने किती लोक खोकत होते आठवत असेल. आणि घरात कुणाला सर्दी असेल तर त्याने बाबांजवळ बसताना मास्क लावावा, बाबांनी नाही.