नोकरी, मुलं आणि घर सांभाळताना प्रार्थनेसाठी निवांत वेळ कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की दोन लहान मुलं आणि दोघांची नोकरी यांत प्रार्थना नुसती उरकली जाते, वर्षभरात बायबल वाचून संपवायचा तक्ता फेब्रुवारीतच मागे पडला, आणि चर्चच्या मंडळीतली वडीलधारी माणसं पहाटे उठा म्हणतात.

आधी तो तक्ता काढून ठेवा. प्रॉटेस्टंट बायबलचे १,१८९ अध्याय वर्षात बसवायचे तर रोज तीनाहून जास्त होतात. क्रमानं वाचणाऱ्याच्या वाट्याला फेब्रुवारीत लेवीय आणि गणना ही पुस्तकं येतात, तिथं भल्याभल्यांची गाडी अडते. त्याऐवजी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं लिहिलेलं येशूचं चरित्र, घ्या. अध्याय १६च, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. त्यातला एकच प्रसंग निवडून आठवडाभर तोच वाचा. दोन-तीन दिवसांत तो इतका ओळखीचा होतो की भांडी घासताना, मुलाला झोपवतानाही मनात चालू राहतो. मला विचाराल तर निवांतपणा मिनिटांत मोजायचाच नाही. पुढचा अध्याय गाठायचा नसला की दहा मिनिटंही पुरतात.

पहाटेच्या सल्ल्याला आधार असतो तो मार्क १:३५चा: येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. पण लोक तिथंच थांबतात. पुढच्याच वचनांत त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात, सगळे तुला शोधताहेत म्हणतात. म्हणजे तोही एकांत मोडलाच! सहाव्या अध्यायात तर येशू स्वतः शिष्यांना थोडा विसावा घ्यायला बोलावतो, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. मचव्यातून ते निघतात, तर लोकसमुदाय किनाऱ्यानं धावत आधीच पोचलेला. येशूला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवत बसतो, मग पाच हजारांचं जेवण. आणि त्यानंतर? शिष्यांना मचव्यात बसवून पुढं पाठवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो (६:४६). ठरलेली वेळ हुकली, म्हणून त्यानं ती सोडून दिली नाही. प्रार्थनेत बाळ रडलं तर उठा, घ्या त्याला. संध्याकाळी परत बसा. रात्री तीनदा जागलेल्या आईनं पहाटे चारला उठावं, असं मला तरी या वचनांत कुठं दिसत नाही.

आता घरातलं. वेळ 'मिळत' नाही, नवरा-बायकोनं तो एकमेकांना द्यावा लागतो. आमच्याकडे वार ठरलेले आहेत. माझ्या वारी हिच्या खोलीचं दार बंद, मुलं माझ्याकडे. तिच्या वारी उलट. त्या वेळेत ती बायबल वाचते की नुसती गप्प बसते, हे मी विचारत नाही.

मुलांच्या बाबतीत सुझॅना वेस्ली आठवते, मेथडिस्ट चळवळ उभारणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. तिला एकोणीस मुलं झाली, त्यांतली बरीच तान्हेपणीच गेली. १७१२ साली नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात ती सांगते की रोज रात्री ती एकेका मुलाशी वेगळं बोलत बसते. जॉनचा वार गुरुवार. सगळ्यांना एकत्र बसवून लांबलचक कौटुंबिक प्रार्थना करण्यापेक्षा हे लहान मुलांना जास्त मानवतं. मोठ्यांच्या प्रार्थनेत ती चुळबुळतात, मग आपण दटावतो आणि देवाच्या नावानं भांडण होतं.

राहिला रविवार. गायकवृंद, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग), कमिटी या तिन्हींत तुम्ही दोघंही आहात असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. (मंडळीत होकार देणाऱ्यालाच पुढचं काम मिळतं, हा सर्वत्र अनुभव.) पाळकांना भेटा आणि दोघांनी मिळून एकच काम ठेवा, मुलं शाळेत रुळेपर्यंत. बदली माणूस मिळाला नाही, तर ते काम काही महिने बंद राहील. राहू द्या.